ऱ्हास म्हणजे नेमके कशाचे कमी होणे?

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच शब्द निवडला आहे. पर्यावरणाचा ऱ्हास, नीतिमूल्यांचा ऱ्हास, नाट्यसंगीताचा ऱ्हास, मराठी भाषेचा ऱ्हास असे शब्दप्रयोग अग्रलेखात, भाषणात आणि परिसंवादाच्या निमंत्रणपत्रिकेत इतके रुळलेले आहेत की त्यातला ‘ऱ्हास’ हा शब्द आपण ऐकतो, मान हलवतो आणि पुढे जातो. त्याचा अर्थ विचारला तर ‘कमी होणे’, ‘अवनती’, ‘नाश’ अशी तीन उत्तरे तीन जण देतील. ही तिन्ही उत्तरे एकमेकांपासून बरीच लांब आहेत, आणि या अंतरातच शब्दाचा इतिहास दडलेला आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रारंभी वापराची एक साधी कसोटी लावून पाहू. पेट्रोलचे दर कमी झाले, तर ‘पेट्रोलच्या दराचा ऱ्हास झाला’ असे कोणीही म्हणणार नाही. हिवतापाचे रुग्ण कमी झाले, तर ‘हिवतापाचा ऱ्हास झाला’ असेही आपण म्हणत नाही. दर उतरतात, रुग्णसंख्या घटते, रुपया घसरतो, पाण्याची पातळी खालावते, पण ऱ्हास मात्र फक्त चांगल्या गोष्टीचाच होतो. म्हणजे आजच्या मराठीत हा शब्द दोन कामे एकदम करतो. काहीतरी कमी झाले हे तो सांगतोच, शिवाय जे कमी झाले ते मौल्यवान होते, असा निवाडाही तो त्याच दमात देऊन टाकतो. हा निवाडा मूळ शब्दात नव्हता.

मूळ शब्द संस्कृतातला ‘ह्रास’. धातू ‘ह्रस्’, म्हणजे आखूड होणे, लहान होणे, उणे होणे. याच धातूवरून आलेला दुसरा शब्द आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, तो म्हणजे ‘ह्रस्व’. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तात ‘ह्रस्वो ह्रसतेः’ एवढ्या दोन शब्दांत हे नाते नोंदवलेले आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या अर्थासह यादीत, मात्र ‘तुस ह्रस ह्लस रस शब्दे’ अशी नोंद आहे, म्हणजे तिथे हा धातू आवाज करणे या अर्थाच्या गटात बसवलेला दिसतो. धातुपाठातले अर्थ म्हणजे संपूर्ण शब्दकोश नव्हे, ती फार तर खूणगाठ आहे, हे संस्कृतच्या अभ्यासकांना माहीत आहे. त्यामुळे त्या नोंदीने गोंधळून जाण्याचे कारण नाही. भाषेतला प्रत्यक्ष वापर लांबी कमी होण्याकडेच बोट दाखवतो.

‘ह्रस्व’ या भावंडाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याने मूळ अर्थ अधिक शुद्ध राखला आहे. ‘ऊकालोऽज्झ्रस्वदीर्घप्लुतः’ हे पाणिनीचे सूत्र आहे. उ, ऊ आणि ऊ३ यांच्या उच्चाराला जो काळ लागतो, तेवढा काळ लागणाऱ्या स्वरांना अनुक्रमे ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत (म्हणजे दीर्घाहूनही लांबवलेला) म्हणावे, असा त्याचा आशय आहे. उदाहरणासाठी ‘उ’च का घेतला, तर कोंबड्याच्या आरवण्यात हे तीन काळ चढत्या क्रमाने ऐकू येतात म्हणून, असे परंपरा सांगते. सांगायचा मुद्दा असा की इथे ‘ह्रस्व’ हा निव्वळ मापाचा शब्द आहे. ‘अ’ हा बिघडलेला ‘आ’ नव्हे. एक मात्रा आणि दोन मात्रा यांत उच्चनीच काही नाही. तसे असते तर लघु अक्षरांचा प्रत्येक गण हा वृत्तातला दोष ठरला असता.

‘ह्रास’ हा शब्द शास्त्रीय परिभाषेत जिथे स्पष्टपणे येतो, तिथेही तो मापाचाच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायातला हा श्लोक वैद्यांना तोंडपाठ असतो :

‘सर्वदा सर्वभावानां सामान्यं वृद्धिकारणम् ।
ह्रासहेतुर्विशेषश्च प्रवृत्तिरुभयस्य तु ॥’

सर्व पदार्थांच्या बाबतीत सर्व काळी सारखेपणा हे वाढीचे कारण असते आणि वेगळेपणा हे घटीचे कारण असते. मात्र या दोहोंची प्रत्यक्ष योजना व्हावी लागते, तेव्हाच परिणाम दिसतो. मांसाने मांस वाढते, कारण दोन्ही सजातीय. विरुद्ध गुणाच्या द्रव्याने ते कमी होते. या श्लोकात ‘ह्रास’ हा शब्द ‘वृद्धी’ची जोडी म्हणून आलेला आहे, आणि त्याला वाईटपणाचा स्पर्शही नाही. वाढलेल्या दोषाचा ह्रास घडवून आणणे हेच तर चिकित्सेचे काम आहे. ‘धातुसाम्यक्रिया’ हे आपल्या तंत्राचे प्रयोजन असल्याचे चरक त्याच अध्यायात सांगतो. जे वाढले ते कमी करा, जे उणावले ते वाढवा आणि समतोल आणा. चरकाच्या दृष्टीने ऱ्हास थांबवणे हे ध्येय नाही, तर कशाचा ऱ्हास हवा आणि कशाचा नको, हे ठरवणे म्हणजे वैद्यकी.

या श्लोकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द ‘ह्रासहेतु’ हा आहे. घट झाली असेल तर तिला कारण असले पाहिजे, आणि ते कारण नेमके दाखवता आले पाहिजे, ही अपेक्षा त्या समासातच बांधलेली आहे. आजच्या मराठी गद्यात ‘ऱ्हास’ हजारदा भेटतो, ‘ऱ्हासहेतू’ मात्र जवळजवळ भेटत नाही.

मग मापाच्या शब्दाला हळहळीचा रंग कधी चढला? एका तारखेवर बोट ठेवता येणार नाही, पण ती वाट कुठून गेली असावी याचा अंदाज मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातून बांधता येतो. तिथे युगांचे गणित आहे. कृतयुग ४,००० वर्षांचे, त्रेता ३,००० वर्षांचे, द्वापर २,००० वर्षांचे आणि कली १,००० वर्षांचे, शिवाय प्रत्येकाचे संधिकाळ वेगळे. माणसाचे आयुष्यही त्याच हिशेबाने उतरते. कृतयुगात ते ४०० वर्षे होते आणि पुढच्या प्रत्येक युगात ते ‘ह्रसति पादशः’, म्हणजे पावापावाने आखूड होते. इथवर हा शब्द आपल्या जागी चोख बसलेला आहे. आयुष्याला लांबी असते, ती ४०० ची ३०० होते, ३०० ची २००. या क्रियेला ‘ह्रसति’ हेच क्रियापद योग्य.

त्याच ठिकाणी धर्माबद्दलही बोललेले आहे. कृतयुगात धर्म चारही पायांवर उभा होता, पुढे चोरी, असत्य आणि कपट यांमुळे त्याचा एकेक पाय गेला. पण तिथे क्रियापद बदलते. धर्माबद्दल ग्रंथकार ‘ह्रसति’ म्हणत नाही, ‘अपैति’ म्हणतो, म्हणजे निघून जातो. आयुष्य आखूड होते आणि धर्म निघून जातो, असा हा सूक्ष्म भेद आहे. मात्र लगेच पुढे, ‘अन्ये कृतयुगे धर्माः’ या श्लोकाच्या शेवटी, ‘युगह्रासानुरूपतः’ हा समास येतो. युगांच्या ह्रासाला अनुसरून माणसांचे धर्म प्रत्येक युगात वेगवेगळे असतात, असे तो श्लोक सांगतो. ‘युगह्रास’ या एका समासात युगाची लांबी कमी होणे आणि युगाची पत कमी होणे हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. लांबीचा शब्द गुणवत्तेला लागू झाला, आणि कलियुगाच्या नावाने बोटे मोडण्याची जी सवय आपल्या समाजाला जडली, तिला एक भारदस्त शब्द मिळाला. गंमत अशी की तो श्लोक ‘अन्ये’ म्हणतो. युगायुगांचे धर्म वेगळे आहेत, कमी प्रतीचे आहेत असे तो म्हणत नाही. पुढच्याच श्लोकात कृतयुगासाठी तप, त्रेतासाठी ज्ञान, द्वापरासाठी यज्ञ आणि कलियुगासाठी दान सांगितलेले आहे. दान ही काही कनिष्ठ गोष्ट नव्हे.

खालावण्यासाठी संस्कृतात आणखी बरेच शब्द होते आणि प्रत्येकामागचे चित्र वेगळे होते. गीतेच्या ‘यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति’ या प्रसिद्ध ओळीतली ग्लानी म्हणजे थकवा. ‘ग्लै हर्षक्षये’ अशी त्या धातूची नोंद आहे, म्हणजे उमेद मावळणे. ‘क्षय’ म्हणजे झिजत जाणे, म्हणून पंचांगात क्षयतिथी आणि रोगांतही क्षय. ‘अपकर्ष’ म्हणजे खाली ओढले जाणे. यात ओढणारा कोणीतरी गृहीत आहे. ‘अवनती’ म्हणजे खाली वाकणे, आणि इंग्रजीतल्या ‘डिक्लाइन’च्या मुळाशीही लॅटिनमधले वाकण्या-कलण्याचेच चित्र आहे. आपल्या बोलीतली ‘उतरती कळा’ चंद्राच्या कळेची आठवण ठेवून आहे, तर ‘ओहोटी’ समुद्राकाठच्या माणसाने दिलेली, आणि तिच्यापाठोपाठ भरती येते हे त्याला माहीत असते. इतकी वेगवेगळी चित्रे हाताशी असताना आपण सगळीकडे ‘ऱ्हास’ वापरतो, तेव्हा आपण नेमके काय पाहिले हे सांगायचे टाळत असतो, असे मला वाटते.

आता शब्दाच्या रूपाकडे वळू. संस्कृतात ‘ह्रास’, मराठीत ‘ऱ्हास’. ह आणि र यांनी जागा बदलल्या. याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात, आणि मराठी माणसाच्या जिभेची ही जुनी खोड आहे. संस्कृतातले चिह्न आपण चिन्ह करतो, प्रह्लादाचा प्रल्हाद करतो, जिह्वेची जिव्हा, विह्वलचे विव्हल आणि मध्याह्नाचा मध्यान्ह करतो. ‘ब्रह्म’ लिहिताना ह आधी लिहितो आणि उच्चारताना म आधी उच्चारतो. ‘आह्वान’चे ‘आव्हान’ केले आणि मग ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ यांच्यातला गोंधळ पुढच्या पिढ्यांच्या माथी मारला. या सर्व शब्दांत ह च्या पाठोपाठ आलेले न, म, ल, व किंवा र हे व्यंजन ह च्या पुढे सरकते. श्वासाचा तो झोत आधी सोडून मग जिभेची हालचाल करण्यापेक्षा दोन्ही एकत्र करणे तोंडाला सोपे जाते. म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह हे मराठीतले स्वतंत्र महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह उच्चारले जाणारे, ध्वनी मानावेत की जोडाक्षरे मानावीत, यावर भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही, पण मराठी कानाला ते परके नाहीत एवढे नक्की.

ही खोड आपण आज लावून घेतली, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पाली भाषेकडे पाहावे. संस्कृत ‘ह्रद’ म्हणजे खोल जलाशय. धम्मपदाच्या ८२ व्या गाथेत ‘यथापि रहदो गम्भीरो’ असे शब्द आहेत. ह्रदाचा ‘रहद’ झाला, म्हणजे र पुढे आला आणि ह मागे गेला. ‘ह्रस्व’ला तर पाली व्याकरणकार ‘रस्स’ म्हणतात, तिथे ह पार गळूनच गेला. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिताना ‘ह्लो ल्हः’ असे सूत्रच करून ठेवले आहे. तेव्हा ‘ऱ्हास’ हे रूप म्हणजे कोणा आळशी लेखनिकाची चूक नव्हे. दोन हजार वर्षांहून जुन्या प्रवृत्तीचा तो मराठी आविष्कार आहे.

ऱ्ह हा मराठीचा खास आवडता ध्वनी आहे, हे इतर शब्दांवरूनही दिसते. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट, गऱ्हाणे, पऱ्हाटी. करहाटकाचे कऱ्हाड झाले. अरबीतून ‘तरह’ आला, तोही आपण ‘तऱ्हा’ करून घरात घेतला. मात्र हे सगळे शब्द ऱ्ह मध्ये बाळगतात. शब्दाच्या सुरुवातीलाच ऱ्ह असलेले शब्द मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ऱ्हास, ऱ्हस्व, आणि नंतर थेट ऱ्हाईन नदी आणि ऱ्होडेशिया. त्यातही ‘ह्रस्व’ काही पुस्तकांत संस्कृत वळणाने आणि काही पुस्तकांत ‘ऱ्हस्व’ असा लिहिलेला आढळतो. एकाच धातूची ही दोन लेकरे. एकाने माहेरचा पोशाख टिकवला, दुसऱ्याने सासरचा चढवला. ‘ऱ्हास’ मात्र मराठीत पुरता स्थिरावला आहे आणि ‘ह्रास’ लिहिणारा आता हिंदी छापाचा वाटतो.

लिहिण्याच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण संगणकावर लिहिणाऱ्यांना ती रोज अडते. ऱ्ह मधला र हा रफार नाही. रफार डोक्यावर जातो, तर हा पापणीसारखा अक्षराच्या आधी टेकतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांनी’ म्हटले की गुरुजी येतात आणि ‘आचाऱ्यांनी’ म्हटले की स्वयंपाकी. युनिकोडमध्ये यासाठी खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरावे लागते आणि त्याचा पाय मोडून पुढे ह लिहावा लागतो. साधा र वापरला की ‘र्हास’ असे विचित्र रूप उमटते. दुसरी गफलत ‘हृ’ आणि ‘ह्र’ यांची. ‘हृदय’ला ऋकार हवा आणि ‘ह्रस्व’ला र हवा, पण ‘ह्रदय’ आणि ‘हृस्व’ अशी अदलाबदल छापील मजकुरातही सर्रास दिसते. भाषेचा ऱ्हास झाल्याची तक्रार करणाऱ्या लेखातच हा शब्द चुकीचा छापलेला पाहिला की मला थोडेसे हसू येते, हे कबूल करायला हरकत नाही.

आणि तक्रारीचा विषय निघालाच आहे तर पतंजलीकडे जाऊ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या व्याकरणमहाभाष्याच्या आरंभीच तो म्हणतो की एकेका शब्दाचे पुष्कळ अपभ्रंश असतात. उदाहरण म्हणून तो ‘गौः’ हा शब्द घेतो आणि त्याची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी बिघडलेली रूपे देतो. ‘भ्रंश’ म्हणजे घसरून पडणे. तोही खालावण्याचाच शब्द. पतंजलीच्या तराजूत तोलले तर आपला ‘ऱ्हास’ हा शब्द स्वतःच अपभ्रंश ठरतो. खालावणे सांगणारा शब्दच खालावलेला, असे म्हणावे लागेल. पण त्याने दोषी ठरवलेल्या ‘गावी’चे पुढे काय झाले ते पाहा. प्राकृतात ती ‘गाई’ झाली आणि मराठीत ‘गाय’. आज शुद्ध मराठीचा कैवार घेणारा कोणीही ‘गाय’ हा शब्द अशुद्ध आहे असे म्हणणार नाही. पुढे तर ‘अपभ्रंश’ हे एका संपूर्ण भाषावस्थेचे मानाचे नाव झाले आणि तिच्यात जैन कवींनी मोठमोठी काव्ये रचली. पतंजलीला जे घसरणे वाटले, ते मागे वळून पाहणाऱ्याला आपल्या भाषांचे जन्मणे दिसते. बदलाला ऱ्हास म्हणण्याची घाई केली की कशी फसगत होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

शेजारच्या भाषांनी या शब्दाचे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. बंगालीत ‘ह्रास’ अजूनही मूळच्या साध्या अर्थाने नांदतो. वस्तूंच्या किमती उतरल्या तर ‘मूल्यह्रास’. दुकानदार सवलतीच्या विक्रीची पाटी लावतो तीही ‘मूल्यह्रास’ची, आणि गिऱ्हाईक ती वाचून आनंदाने आत शिरते. हिंदीत हाच ‘मूल्यह्रास’ हिशेबनिसाच्या वहीत गेला. यंत्र किंवा इमारत वापराने जुनी होत जाते आणि दरवर्षी तिची किंमत काही प्रमाणात कमी धरली जाते, त्या तरतुदीला हिंदीत मूल्यह्रास म्हणतात. अर्थशास्त्रातल्या घटत्या फलाच्या नियमालाही हिंदीत ‘ह्रासमान’ हे विशेषण लागते. मराठीने मात्र हिशेबाच्या वहीसाठी ‘घसारा’ हा अस्सल घरचा शब्द निवडला, आणि अर्थशास्त्रासाठी ‘घटता’ हे विशेषण. ‘घसारा’ हा फारच उत्तम शब्द आहे. घासून घासून झिजणे त्यात दिसते, त्यात दर असतो, कालावधी असतो, आणि हळहळ मुळीच नसते. मराठीने मोजणीची सगळी कामे घट, घसारा, घसरण, तूट यांच्याकडे सोपवली, म्हणून ‘ऱ्हास’कडे मोजणीचे काम उरले नाही आणि तो केवळ खंत व्यक्त करण्यापुरता राहिला, असा माझा तर्क आहे. बंगालीत असे श्रमविभाजन झाले नाही, म्हणून तिथे शब्द साधाच राहिला.

व्याकरणाच्या अंगानेही मराठीत एक महत्त्वाचा फरक पडला. संस्कृतात ‘ह्रसति’ हे क्रियापद जिवंत होते. मराठीत केवळ नाम आले आणि त्याला ‘होणे’ जोडावे लागले. ‘जंगलांचा ऱ्हास होत आहे’ या वाक्यात जंगल षष्ठीत, ऱ्हास प्रथमेत आणि कर्ता कुठेच नाही. कोणी झाडे तोडली, कोणी परवाना दिला, कोणी खाणीसाठी डोंगर उघडा केला, यांपैकी काहीही न सांगता वाक्य पूर्ण होते आणि वजनदारही वाटते. ‘ऱ्हास करणे’ असे म्हणता येते, पण आपण ते क्वचितच म्हणतो. शासकीय अहवालांना हा शब्द इतका प्रिय का आहे, याचे उत्तर कदाचित याच वाक्यरचनेत असावे.

मापाचा मूळ अर्थ परत लावून पाहिला तर आजच्या वादांत काय फरक पडतो, ते दोन-तीन उदाहरणांवरून पाहू. पहिले उदाहरण मराठी भाषेचे. २००१ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ७.१९ कोटी होते आणि २०११ मध्ये ते ८.३० कोटी झाले. भाषकांच्या संख्येत मराठी तेलुगूला मागे टाकून देशात तिसऱ्या क्रमांकावर आली. देशाच्या लोकसंख्येतला तिचा वाटा मात्र ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मग ऱ्हास कशाचा झाला? भाषकसंख्येचा नाही, वाट्याचा किंचित झाला आहे. भाषेच्या शुद्धतेबद्दल बोलायचे तर पतंजलीची साक्ष आपण आताच काढली. खरी लांबी आखूड झाली आहे ती वापराच्या क्षेत्रांची. मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळा बंद पडत आहेत, आणि उच्च शिक्षण, न्यायदान, वैद्यक, मोठ्या उद्योगांचा व्यवहार यांपैकी बरीच क्षेत्रे मराठीच्या हातात कधी पूर्णपणे आलीच नाहीत. जे कधी नव्हतेच त्याचा ऱ्हास होऊ शकत नाही. तिथे वृद्धी झाली नाही, एवढेच म्हणता येते. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. ‘भाषेचा ऱ्हास’ या एका शब्दप्रयोगात दोन्ही गुंडाळले की तरुणांच्या इंग्रजीमिश्रित बोलण्यावर राग काढला जातो आणि विज्ञानाची पाठ्यपुस्तके मात्र तशीच राहतात.

दुसरे उदाहरण जंगलांचे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी देशातल्या वनाच्छादनाचा अहवाल देते. तिच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन. ७० टक्के आणि त्यावर ते अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० खुले. जमीन कोणाच्या मालकीची आणि झाडे कशाची, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणजे तळकोकणातल्या डोंगरावरचे जुने मिश्र जंगल तोडून तिथे काजू किंवा रबर लावला आणि तो फोफावला, तर नकाशावरचे वनाच्छादन टिकून राहते. उलट, ७५ टक्के घनतेचे रान विरळ होत होत ४५ टक्क्यांवर आले, तरी एकूण वनाच्छादनाच्या आकड्यात काहीच कमी झालेले दिसत नाही, कारण ते १० टक्क्यांच्या वरच असते. इथे ‘जंगल तुटले’ म्हणणे चूक आणि ‘जंगल आहे तेवढेच आहे’ म्हणणेही चूक. छत्र आखूड झाले, जातींची संख्या आखूड झाली. ‘ह्रसति पादशः’ हे वर्णन इथे तंतोतंत लागू पडते, पण ते करायचे तर आधी कोणते माप घेतले ते सांगावे लागेल. एरवी पर्यावरणवादी म्हणतात ऱ्हास झाला, सरकार म्हणते क्षेत्र वाढले, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

तिसरे उदाहरण गिधाडांचे, आणि त्यात चरकाचा ‘ह्रासहेतु’ प्रत्यक्ष सापडलेला आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली असल्याचे गणनांतून दिसून आले. सुरुवातीला याचीही चर्चा ‘निसर्गाचा ऱ्हास’ या ढोबळ नावाखालीच होत होती. कीटकनाशके, अन्नटंचाई, एखादा विषाणू, झाडांची तोड असे निरनिराळे अंदाज बांधले जात होते. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून नेमके कारण पुढे आले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध होते. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ‘ऱ्हास होत आहे’ या कर्ता नसलेल्या वाक्याला इथे कर्ता मिळाला, म्हणूनच काही करता आले.

या पक्ष्याच्या बाबतीत ह्रास आणि वृद्धी यांचा वेग मात्र सारखा नाही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः अंडी घालण्याच्या वयाला यायला पुढे कित्येक वर्षे जातात. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावसारख्या ठिकाणी लोकांनी घरट्यांची झाडे राखली आहेत, पण पंधरा वर्षांत जेवढे गेले तेवढे परत यायला अनेक दशके लागतील, तीही विषारी मांस पुन्हा त्यांच्या वाट्याला आले नाही तर.